डॉक्टरवर नजर ठेवा : रोग, व्यसनं आणि निषिद्ध विषयांवरचे जर्मन मूकपट बघायला घेताना

जर्मन मूकपट म्हटलं की वाकड्यातिकड्या भिंती, रंगवलेल्या सावल्या आणि डोळे वटारलेला डॉक्टर कॅलिगरी एवढंच बहुतेकांना आठवतं. त्याच काळात, म्हणजे साधारण १९१७ ते १९३० मध्ये, बरेचदा त्याच नटांना घेऊन, आणखी एका जातीचे सिनेमे निघत होते. गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, गर्भपात, समलैंगिकता, अफू-कोकेन, तुरुंगातली लैंगिक उपासमार असे त्यांचे विषय. घरात ज्याचं नावही काढायचं नाही ते लोक तिकीट काढून बघत होते. यातल्या शिकवणीचा आव आणणाऱ्या सिनेमांना तिकडे 'आउफक्लेरुंग्सफिल्म' म्हणत, म्हणजे प्रबोधनपट. चटकदार माल असेल तर 'झिटनफिल्म', नीतिपट. कुठला सिनेमा कुठल्या खात्यात जाणार हे पुष्कळदा जाहिरात करणाराच ठरवायचा.

नवखा प्रेक्षक इथे दोन ठिकाणी अडखळतो. काहीतरी खळबळजनक बघायला मिळेल म्हणून बसतो आणि पडद्यावर दाढीवाला प्राध्यापक व्याख्यान झोडत असतो, हे पहिलं. दुसरं म्हणजे, आपण बघतोय तो सिनेमा मूळ सिनेमाचा किती हिस्सा आहे हेच त्याला ठाऊक नसतं. या दोन्ही अडचणींतून वाट काढता यावी म्हणून हा लेख. माझा आग्रह एकच आहे. प्रत्येक सिनेमात आधी डॉक्टर शोधा. या सिनेमांत डॉक्टर म्हणजे परवाना. तो पडद्यावर आला की निर्मात्याला पोलिसांना आणि पाद्र्यांना सांगता यायचं, 'अश्लील कुठे काय, हे तर आरोग्यशिक्षण!' दिग्दर्शक आपल्या डॉक्टरला कसा वागवतो, त्याच्यावर किती विश्वास टाकतो, यावरून सिनेमाची छाती किती ते कळतं.

पहिली पायरी : तीन तारखा

इतिहासाचं जाडजूड पुस्तक आधी वाचायची गरज नाही. तीन तारखा पुरेत.

१२ नोव्हेंबर १९१८. पहिलं महायुद्ध आदल्याच दिवशी थांबलेलं, जर्मन सम्राट कैसर पळालेला. बर्लिनमधल्या क्रांतिकारी सरकारने जाहीर केलं की यापुढे सेन्सॉरशिप नाही. पुढचं दीड वर्ष निर्मात्यांना रान मोकळं होतं.

१२ मे १९२०. सिनेमाचा कायदा आला. बर्लिन आणि म्युनिक इथे तपासणी मंडळं बसली आणि त्यांच्यावर अपिलासाठी बर्लिनमध्येच वरचं मंडळ. गंमत अशी की नव्या राज्यघटनेने छापील मजकुराला सेन्सॉरशिपपासून मोकळं केलं, पण सिनेमासाठी अपवाद ठेवला. म्हणजे तीच गोष्ट कादंबरीत चालायची, पडद्यावर नाही.

तिसरी तारीख १० मे १९३३. बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. त्यात माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरच्या लैंगिकविज्ञान संस्थेतला संग्रहही जळाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लगेच येतं आहे.

आता या तारखांना एक दुरुस्ती. हा प्रकार १९१८च्या मोकळिकीत जन्मला असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. रिचर्ड ओस्वाल्ड या दिग्दर्शकाने १९१७ मध्ये, ऐन युद्धात, सिफिलिसवर 'एस वेर्डे लिश्ट' (प्रकाश होऊ दे) काढला, तोही गुप्तरोग प्रतिबंधासाठी १९०२ पासून काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेच्या पाठिंब्याने. सिफिलिसची रक्ततपासणी १९०६ पासून होती, साल्व्हरसान हे औषध १९१० पासून मिळत होतं. रोग ओळखता येत होता, त्यावर इलाज होता, अडत होतं ते लाजेपायी. शिवाय युद्धाने रोगाची धास्ती वाढवली होती, त्यामुळे सरकारलाही हा सिनेमा सोयीचा होता. त्याचे एकूण चार भाग निघाले. आज ते जवळजवळ सगळे हरवलेले आहेत.

दुसरी पायरी : सुरुवात 'आंडर्स आल्स डी आंडर्न'पासून करा

'आंडर्स आल्स डी आंडर्न' (इतरांहून वेगळा), १९१९. दिग्दर्शक ओस्वाल्डच. इथून सुरुवात करायचं कारण व्यवहारी आहे. आज उरलेला सिनेमा जेमतेम पाऊण-एक तासाचा आहे आणि या प्रकारातली प्रत्येक खूण त्यात सापडते.

जर्मन दंडसंहितेचं कलम १७५ पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवत होतं. ते १८७१ पासून लागू होतं आणि पुरतं रद्द व्हायला १९९४ उजाडलं. सिनेमाचा नायक पाउल क्योर्नर हा नावाजलेला व्हायोलिनवादक. तो झालाय कोनराड फाइट. हाच नट पुढच्या वर्षी डॉक्टर कॅलिगरीच्या सिनेमात त्याचा झोपेत चालणारा गुलाम झाला आणि आयुष्याच्या अखेरीस हॉलिवुडच्या 'कॅसाब्लांका'त नाझी मेजर. क्योर्नरचा एका तरुण शिष्यावर जीव जडतो. ब्लॅकमेल करणारा एक इसम मागे लागतो, ती भूमिका राइनहोल्ड श्युन्त्सेलची. प्रकरण कोर्टात जातं. खंडणीखोराला शिक्षा होते, पण कलम १७५ असल्यामुळे न्यायाधीशाला क्योर्नरलाही शिक्षा द्यावी लागते. ती अगदी किरकोळ, नावापुरती. तेवढ्यानेच मैफली रद्द होतात, ओळखीचे लोक पाठ फिरवतात आणि तो विष घेतो.

आता डॉक्टरकडे वळा. इथे दोन आहेत. क्योर्नरच्या गतायुष्यात एक संमोहनवाला येतो, तो 'बरं करण्याचं' आश्वासन देतो आणि त्याचं काही चालत नाही. दुसरा डॉक्टर म्हणजे खुद्द हिर्शफेल्ड. ओस्वाल्डबरोबर पटकथा लिहून पडद्यावरही तो जवळपास स्वतःच्याच रूपात आला आहे. तो आईवडिलांना समजावतो, की हा दोष नाही, गुन्हा नाही, निसर्गाने केलेला एक वेगळा प्रकार आहे. तो भाषण करतो तेव्हा सिनेमा अक्षरशः थांबतो. पहिल्यांदा बघताना तुम्ही जांभई द्याल. द्या. पण भाषण संपल्यावर कॅमेरा पुन्हा फाइटच्या चेहऱ्यावर येतो तेव्हा लक्ष द्या. शास्त्र सांगतंय की तुझं काही चुकलेलं नाही, आणि कायदा सांगतोय की तू गुन्हेगार आहेस. या दोन वाक्यांमध्ये सापडलेला माणूस त्या चेहऱ्यावर दिसतो. व्याख्यान वगळलं तर ही एक साधी रडकथा उरेल.

इतिहासातल्या थोर माणसांची मिरवणूक डोक्यावर लटकणाऱ्या कलम १७५ खालून जाते, ते दृश्यही चुकवू नका. भाबडं आहे, पण फाइटच्या चेहऱ्याइतकंच ते लक्षात राहतं.

या सिनेमाच्या खेळांमध्ये दंगे झाले. १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यावर बंदी आली. डॉक्टर आणि अभ्यासक तेवढे बघू शकतील अशी सवलत राहिली. त्याच वर्षी म्युनिकमध्ये हिर्शफेल्डला इतकी मारहाण झाली की तो मेल्याच्या बातम्या छापून आल्या. पुढे १९२७ मध्ये त्याने या सिनेमाचा आटवलेला भाग आपल्या 'गेझेत्से डेर लीबे' (प्रेमाचे नियम) या माहितीपटात घातला. त्यातून निघालेली, युक्रेनियन पाट्या (दृश्यांमध्ये पडद्यावर येणारा मजकूर) असलेली एक प्रत सोव्हिएत संघात टिकली, म्हणून आज आपण हा सिनेमा बघू शकतो. म्युनिकच्या फिल्म म्युझियमने तिच्यावरून जुळणी केली आणि तुटलेल्या जागी छायाचित्रं आणि मजकूर भरला.

जाता जाता. हिर्शफेल्ड १९३१ मध्ये जगप्रवासात भारतातही फिरला. मुंबईत तेव्हा र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चार वर्षांचं झालं होतं आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत होतं. १९२७ हे सालही दोन्हीकडचं. 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं त्याच वर्षी जर्मनीत गुप्तरोगांविषयीचा नवा कायदा लागू झाला. कर्व्यांचे लेख वाचलेल्या मराठी माणसाला हिर्शफेल्डचं भाषण फारसं परकं वाटणार नाही. तोच हट्टी, समजूतदार सूर, आणि विनोदाची बाजू मात्र कर्व्यांची वरचढ.

तिसरी पायरी : प्रत तपासल्याशिवाय मत बनवू नका

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाची.

जुन्या जर्मन कागदपत्रांत सिनेमाची लांबी मिनिटांत नसते, मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२ चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने २००० मीटर फिल्म सुमारे ९७ मिनिटं चालते. तीच फिल्म बोलपटाच्या वेगाने, म्हणजे २४ चौकटींनी पळवली तर ७३ मिनिटांत संपते. आता हिशेब करा. २००० मीटरचा सिनेमा आंतरजालावर ५० मिनिटांचा मिळाला आणि माणसं नेहमीच्या चालीने चालताना दिसत असतील, तर निम्मा सिनेमा गायब आहे. माणसं तुरुतुरु पळताना दिसत असतील तर दोष निदान अर्धा तरी वेगाचा आहे. व्हिडिओचा वेग पाऊणपट करून बघा, बरेचदा सिनेमा सुधारतो.

मीटरचा आकडा मिळतो तो सेन्सॉरच्या कार्डांवरून. १९२० नंतर प्रत्येक सिनेमाला असं कार्ड मिळायचं. त्यावर लांबी, रिळांची संख्या आणि बहुतेकदा पडद्यावरच्या सगळ्या पाट्यांचा मजकूर टिपलेला असे. काय कापलं तेही लिहिलेलं असे. ज्यांनी कात्री चालवली त्यांच्याच दप्तरावरून आज हे सिनेमे पुन्हा जोडले जातात. फिल्मपोर्टाल या जर्मन संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमाच्या पानावर लांबी आणि तपासणीच्या तारखा दिलेल्या असतात. भाषा येत नसली तरी आकडे वाचता येतातच.

चौथी पायरी : पाब्स्टचे तीन सिनेमे

गेओर्ग व्हिल्हेल्म पाब्स्टने प्रबोधनपटातलं व्याख्यान काढून टाकलं आणि विषय ठेवले. म्हणून ओस्वाल्डनंतर लगेच त्याच्याकडे जा, फरक अंगावर येतो.

'डी फ्रॉइडलोझे गासे' (आनंद नसलेली गल्ली), १९२५. युद्धानंतरच्या महागाईत बुडालेलं व्हिएन्ना. खाटकाच्या दुकानापुढे बायकांची रात्रभर रांग. वेर्नर क्राउसचा खाटीक, त्याचा पांढरा कुत्रा, आणि मांसाच्या तुकड्याच्या बदल्यात तो बायकांकडे काय मागतो ते सांगायला एकाही पाटीची गरज पडत नाही. आस्टा नील्सन एका बाजूला, तरुण ग्रेटा गार्बो दुसऱ्या बाजूला. एकीचं सगळं जातं, दुसरी थोडक्यात वाचते. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा केला तिचा लेखक हुगो बेटाउअर याला सिनेमा पडद्यावर येण्याआधी दोनच महिने एका तरुणाने गोळ्या घातल्या. बेटाउअर लैंगिक विषयांवर साप्ताहिक चालवायचा, हा त्याचा गुन्हा. प्रतींबाबत इथे विशेष सावध राहा. देशोदेशी हा सिनेमा इतका छाटला गेला की काही आवृत्त्यांत नील्सन जवळजवळ दिसतच नाही आणि तो गार्बोचा सिनेमा होऊन जातो. म्युनिकची अडीच तासांची जुळणीच बघा.

याची पटकथा विली हास या बर्लिनच्या समीक्षकाने लिहिली होती. नाझींपासून पळत हास १९३९ मध्ये मुंबईला आला, मोहन भवनानींच्या हिंदी सिनेमांसाठी लिहू लागला आणि १९४७ पर्यंत भारतात राहिला. व्हिएन्नाच्या खाटकाची रांग लिहिणारा माणूस मुंबईच्या स्टुडिओत बसून कथा रचत होता, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

'टागेबुख आइनर फेरलोरेनन' (वाया गेलेल्या मुलीची रोजनिशी), १९२९. औषधविक्रेत्याची मुलगी, भूमिकेत लुईझ ब्रुक्स. बापाचा सहायक तिला फसवतो, मूल होतं, मूल काढून घेतात, तिला सुधारगृहात टाकतात. सुधारगृहाच्या मालकिणीच्या ठोक्यांवर मुली व्यायाम करतात, त्याच ठोक्यांवर सूप पितात. ते काम व्हालेस्का गेर्ट या नर्तकीचं आहे आणि त्यात ती जे करते ते मला अजून धडपणे सांगता येत नाही. मुलगी तिथून पळून कुंटणखान्यात पोचते आणि तिथे पहिल्यांदा तिच्याशी कोणी माणसासारखं वागतं. सेन्सॉरला नेमकं हेच झोंबलं. प्रदर्शनानंतर बंदी आली, मग कापलेला सिनेमा परत आला. या कहाणीत डॉक्टर कुठे आहे? त्याच्या जागी औषधाचं दुकान आहे आणि सगळा नाश तिथूनच सुरू होतो.

'डी ब्युक्से डेर पांडोरा', हाही १९२९चा, बहुतेकांनी ऐकलेला असतो. म्हणून एवढंच सांगतो, की ब्रुक्सकडे सगळे बघतातच, तुम्ही काउंटेस गेश्विट्सकडेही बघा. पडद्यावर इतकं उघडपणे एका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्याआधी क्वचितच आली होती.

पाचवी पायरी : डॉक्टर बिघडला की काय होतं

अमली पदार्थांच्या सिनेमांत आपला परवानाधारकच घसरतो. रोबेर्ट राइनेर्टच्या 'ओपिउम' (१९१९) मध्ये अफूचा अभ्यास करायला गेलेला प्राध्यापक स्वतःच तिच्या आहारी जातो. तंद्रीतल्या दृश्यांत रानातल्या अर्धनग्न आकृती नाचतात, आणि प्रेक्षक खरे कशासाठी आले होते याविषयी काही शंका राहत नाही. पूर्वेकडच्या माणसांचं चित्रण आज बघवत नाही. गोऱ्या नटाला रंगरंगोटी करून चिनी खलनायक केलाय. बघायचाच तर हे मनाशी धरून बघा.

फ्रित्स लांगचा 'डॉक्टर माबूझे' (१९२२) दोन भागांत, चार तासांहून मोठा. जुगार, संमोहन, शेअर बाजारातली लबाडी, कोकेनच्या आहारी गेलेला नोकर. माबूझे मनोविश्लेषक आहे हे नवखे विसरतात. ओस्वाल्डच्या सिनेमात ज्या डॉक्टरपुढे माणूस मन उघडं करतो, तोच इथे त्या मनावर दरोडा घालतो. एका बैठकीत बघू नका.

उलट बाजूला पाब्स्टचाच 'गेहाइमनिसे आइनर झेले' (एका मनाची गुपितं), १९२६. सुरीची भीती बसलेला माणूस मनोविश्लेषणाने बरा होतो. फ्रॉइडने या प्रकल्पाला हात लावला नाही, पण त्याचे सहकारी कार्ल आब्राहाम आणि हान्स झाक्स सल्लागार होते. स्वप्नांची दृश्यं अफलातून आहेत. बरा झालेला माणूस मात्र कंटाळवाणा.

आणि 'नोस्फेराटू' (१९२२). तो भुताचा सिनेमा म्हणून बघितला असेल तर आता साथीचा सिनेमा म्हणून परत बघा. जहाजातून उंदीर उतरतात, दारांवर खडूने खुणा होतात, रस्त्यातून शवपेट्या जातात, आणि प्राध्यापकाला काहीएक करता येत नाही.

सहावी पायरी : गर्भपात आणि तुरुंग

इथे सिनेमे कमी आणि जड आहेत. एका आठवड्यात एकच बघा.

गर्भपाताला गुन्हा ठरवणारं कलम २१८. मार्टिन बेर्गरच्या 'क्रॉइत्सत्सुग डेस व्हाइबेस' (१९२६) मध्ये कोनराड फाइट सरकारी वकील आहे. कलमाची कडक अंमलबजावणी करणाऱ्या या माणसाच्या वाग्दत्त वधूवरच बलात्कार होतो आणि तिला दिवस जातात. रचना ठोकळेबाज आहे, फाइट नाही.

'त्सिआनकाली' (सायनाइड), १९३०, हा मूकपट आणि बोलपट यांच्या सांध्यावरचा. बराचसा मूक, शेवटी आवाज. फ्रीडरिश वोल्फच्या नाटकावरून घेतलेला, आणि वोल्फ स्वतः डॉक्टर होता. पुढच्याच वर्षी त्याला बेकायदा गर्भपाताच्या आरोपाखाली अटक झाली. यातली कामगार मुलगी मदत मागायला डॉक्टरकडे जाते. तो कायद्याकडे बोट दाखवतो. पैसेवाल्या बाईसाठी मात्र त्याच डॉक्टरकडे वाट असते. हिर्शफेल्डपासून इथवर अकरा वर्षं झाली. एके काळी ज्याच्या नावावर सिनेमाला परवानगी मिळायची, तो आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

व्हिल्हेल्म डिटर्लेचा 'गेश्लेष्ट इन फेसेल्न' (बेड्यांतली वासना), १९२८. बेकार इंजिनियरच्या हातून बायकोची छेड काढणारा माणूस मरतो, त्याला तुरुंगवास होतो. आत तो एका सहकैद्याच्या जवळ जातो, बाहेर बायको दुसऱ्या पुरुषाच्या. दोघांपैकी कोणालाही दिग्दर्शक दोष देत नाही. इथे व्याख्यान नाही. डिटर्ले स्वतःच नायक आहे.

सातवी पायरी : खरे आरोग्यपट, हवे असतील तरच

ऊफा या मोठ्या कंपनीचा १९१८ पासून शिक्षणपटांचा वेगळा विभाग होता आणि त्यात डॉक्टर नोकरीला होते. 'फाल्शे शाम' (खोटी लाज), १९२६, हा तिथला नमुना. एका डॉक्टरच्या अनुभवातल्या चार गोष्टी, विषय गुप्तरोग. अभिनय शाळेच्या गॅदरिंगमधला वाटेल. पण ओस्वाल्डचे हरवलेले सिफिलिसपट कसे दिसत असतील याचा अंदाज बांधायला हाच उपयोगी पडतो, म्हणून तो शेवटी ठेवला.

यातले बरेच सिनेमे यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात, प्रती बऱ्यावाईट. 'एडिशन फिल्मम्युझेउम' या डीव्हीडी मालिकेतल्या प्रती महाग पण भरवशाच्या, सोबत माहितीपुस्तिका असते. मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवनाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, जुने जर्मन सिनेमे तिथे अधूनमधून लागतात. पाट्या जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत असतील तर फोनचं भाषांतर गडबडतं, त्यामुळे उपशीर्षकं असलेलीच प्रत शोधा. आणि आंतरजालावरच्या प्रतीला कोणी भलतंच पियानो चिकटवलं असेल तर आवाज सरळ बंद करा.